मोबाईलवरचं मृत्युपत्र आणि आजींचा अर्धा वाटा

नमस्कार, श्रोतेहो.

गेल्या श्रावणातली गोष्ट. गोव्यात, फोंड्याला माझ्या ऑफिसात एक आजोबा आले, बरोबर आजी. बाहेर पाऊस कोसळत होता, पण आजोबांच्या हातातली प्लास्टिकची फाइल कोरडी ठणठणीत. सदऱ्याच्या आत धरून आणली होती. फाइलमध्ये चार पानं, इंग्रजीत, सुरेख छापलेली. मृत्युपत्र. पुण्यातल्या नातवाने एका संध्याकाळी मोबाईलवर बसून केलं होतं. नाव, वय, पत्ता, मालमत्ता काय आणि कुणाला द्यायची, एवढे रकाने भरायचे, पैसे ऑनलाइन द्यायचे, की मृत्युपत्र ईमेलवर हजर. आजोबांनी सहीही करून टाकली होती. साक्षीला शेजारचे मास्तर आणि धाकटी सून.

"वकीलबाई, तुम्ही फक्त एकदा नजर घाला," आजोबा म्हणाले. म्हणजे कौतुक करा, असा त्याचा अर्थ.

मी वाचत होते तेवढ्यात आजींनी दुसरं पान ओढून घेतलं. इंग्रजी त्यांना येत नाही, पण आपलं नाव कुठल्याही लिपीत ओळखतात. ओळीवर बोट फिरवत त्या शेवटापर्यंत गेल्या, मग पुन्हा वर आल्या आणि मला विचारलं, "हांगा म्हजें नांव खंय आसा?"

नव्हतं. विवाहित आहात का, या प्रश्नापुढे बरोबरची खूण होती. आजींचा हिशेब तिथेच संपला होता.

आता, नातवाचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. आजोबांच्या काळजीपोटीच केलं त्याने. तो फॉर्मही लबाड नव्हता. पुण्यातल्या, नाशकातल्या माणसासाठी तो बराचसा ठीक आहे. तिथला हिंदू माणूस स्वकष्टाची मालमत्ता मृत्युपत्राने कुणालाही देऊ शकतो, सगळीच्या सगळी. साध्या कागदावर लिहिलं, दोन साक्षीदारांसमोर सही केली, तरी चालतं. नोंदणी ऐच्छिक. पण गोव्यात लग्न झालेल्या माणसाला पहिला प्रश्न वेगळा विचारावा लागतो: तुमचं लग्न कुठल्या पद्धतीत आहे? तो प्रश्न त्या फॉर्मात नव्हताच.

लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल, तर आपल्याकडे नवरा-बायकोची मालमत्ता एकत्र होते. लग्नाआधीची, नंतरची, वडिलांकडून आलेली, काही अपवाद सोडले तर सगळी. आणि त्यातली अर्धी बायकोची. बायकोला नवऱ्याकडून वारसा म्हणून मिळते असं नाही, तो मेल्यावर मिळते असंही नाही. तो ठणठणीत जिवंत असतानाच ती तिची आहे. हे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेलं आहे. वारशाचा भाग आता गोव्याच्या स्वतःच्या कायद्यात आहे. २०१२ चा कायदा म्हणतात त्याला, पण लागू झाला २०१६ च्या डिसेंबरात. त्या कायद्याने दुसरी एक चौकटही घातलेली आहे: मुलं असतील तर आपल्या वाट्यातलासुद्धा अर्धाच भाग मृत्युपत्राने हवा तसा देता येतो. उरलेला अर्धा मुलांसाठी राखीव. मुलगा-मुलगी असा फरक त्यात नाही. जुने लोक त्या राखीव भागाला अजून 'लेजितिम' म्हणतात. मुलाने तोंड फिरवलं, मुलीने मनाविरुद्ध लग्न केलं, एवढ्यावर तो काढून घेता येत नाही. त्याला कायद्याने सांगितलेलीच कारणं लागतात.

आजोबांना मी हे कागदावर मांडून दाखवलं, तुम्हालाही सांगते. पेन घेतलं तर बरं.

घर, सुपारी-नारळाचं कुळागर, बँकेतल्या ठेवी मिळून ८० लाख धरू. त्यातले ४० लाख आजींचे. आजोबांच्या हातात राहिले ४० लाख. मुलं तीन, दोन मुलगे आणि एक मुलगी. ४० पैकी २० लाख तिघांसाठी राखीव, समान. आजोबांना मोकळेपणाने देता येतात ते उरलेले २० लाख. ८० चा पाव हिस्सा. आणि त्या चार पानांत काय लिहिलं होतं? सगळं धाकट्याला. घरी राहून त्याने आईवडिलांचं केलं, कुळागरात पाणी सोडायला पहाटे उठला, म्हणून. भावना शंभर टक्के खरी. पण ८० लाखांचं दान करायला आजोबांच्या खिशात होते २० लाख.

नातू फोनवर होता. हुशार मुलगा. त्याने लगेच विचारलं, "मग आमचा पुण्याचा फ्लॅट? तो आजोबांच्या नावावर आहे, पण गोव्याबाहेर आहे. तो तरी सुटला ना?" नाही सुटला. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या सप्टेंबरात हा प्रश्न निकालात काढला. त्या खटल्यात मुंबईतल्या मालमत्तेचाच वाद होता. न्यायालय म्हणालं, माणूस गोव्याचा अधिवासी असेल तर मालमत्ता भारतात कुठेही असो, वारसा गोव्याच्या कायद्याने.

आता 'ऑनलाइन' या शब्दाकडे येऊ. आपण वीजबिल भरतो ऑनलाइन, विमा काढतो ऑनलाइन, अंगठ्याऐवजी ओटीपी देतो. साहजिकच वाटतं, मृत्युपत्रावरही तशीच सही होईल. होत नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० साली आला, तेव्हाच काही दस्तऐवज त्याच्या बाहेर ठेवले, आणि मृत्युपत्र त्यांत होतं. २०२२ मध्ये ती यादी छाटली, जमीन विक्रीचा करारसुद्धा यादीतून निघाला, मृत्युपत्र मात्र तसंच राहिलं. म्हणून पडद्यावर बोटाने केलेली सही, ईमेलवरचं 'मान्य आहे', नातवाला पाठवलेला व्हॉट्सॅप आवाज, यातलं काहीही मृत्युपत्र होत नाही. उत्तराखंडात समान नागरी संहिता आली, जानेवारी २०२५ मध्ये लागू झाली, तिथे सरकारने मृत्युपत्राच्या नोंदणीसाठी ऑनलाइन पोर्टल उघडलं आहे. ते उत्तराखंडवाल्यांना. आपण आपल्या पायऱ्या चढायच्या.

आणि त्या पायऱ्या सब-रजिस्ट्रारच्या. गोव्यात मृत्युपत्र होतं ते विशेष नोटरीपुढे, आणि तालुक्याचा सब-रजिस्ट्रार हाच आपला विशेष नोटरी. कोर्टाच्या बाहेर टेबल टाकून गोल शिक्का मारून देणारे नोटरी असतात ना, ते वेगळे. नावाने इतका घोटाळा होतो की काय सांगू. लोक शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर टाइप करून तो शिक्का मारून आणतात आणि पंधरा वर्षं देव्हाऱ्याखालच्या पेटीत जपून ठेवतात. शिक्का खरा असतो, पण त्या कागदाला तो मृत्युपत्र बनवत नाही. विशेष नोटरी मृत्युपत्र आपल्या पुस्तकात नोंदतो, दोन साक्षीदार लागतात, सगळ्यांच्या सह्या होतात. ज्याला पान कुणालाच वाचू द्यायचं नसेल त्याच्यासाठी बंद मृत्युपत्राचीही सोय आहे: मजकूर पाकिटात बंद, नोटरी वरून मान्यता लिहितो. पण मला विचाराल तर उघडं बरं. बंद पाकीट सापडत नाही म्हणून घरं शोधत बसलेली भावंडं मी पाहिली आहेत.

साक्षीदारांचं एक सांगते. धाकट्याला सगळं, आणि साक्षीला धाकट्याची बायको. थोरल्याचा वकील याच ओळीपासून सुरुवात करेल. ज्याच्या घरी वाटा जाणार त्या घरातलं कुणी साक्षीला घेऊ नका. आणि वय सत्तरीच्या पुढे असेल तर त्याच आठवड्यातला डॉक्टरांचा दाखला जवळ ठेवा, की बाई किंवा बुवा शुद्धीत आहेत, समजून बोलत आहेत.

मग तो मोबाईल काहीच कामाचा नाही का? आहे, भरपूर आहे. मृत्युपत्राचं अवघड काम सही हे नसतंच. आपल्याकडे आहे काय, हे शोधणं अवघड असतं. जमिनीचा एक-चौदाचा उतारा आता घरबसल्या निघतो. काढा, आणि वाचा. आजोबांचा काढला तर कुळागराच्या एका तुकड्यावर अजून त्यांच्या आजोबांचं नाव. म्हणजे इन्व्हेंतार, गेलेल्या माणसाच्या मालमत्तेची कोर्टातली वाटणी, झालेलाच नाही, आणि सहा चुलत घरं त्यात वाटेकरी. तो तुकडा आजोबा मृत्युपत्रात अख्खा कसा देणार? आपला हिस्सा तेवढा देता येईल. हे मृत्युपत्राआधी कळलं, नशीब. ठेवी, लॉकर, शेअर, पोस्टाची पासबुकं, यांची यादी नातवाने एका पानावर करून दिली, ती मात्र झकास होती.

त्या यादीत प्रत्येक ठेवीपुढे 'नॉमिनी' म्हणून थोरल्याचं नाव होतं. आजोबा म्हणाले, "म्हणजे ते पैसे थोरल्याचेच की." नव्हेत. नॉमिनी म्हणजे बँकेने ज्याच्या हातात पैसे द्यायचे तो. मालक वारसच. 'कालनिर्णय'कार जयंत साळगावकर यांच्या मालमत्तेच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये शेअरच्या बाबतीतही हेच सांगितलं: नॉमिनी झाला म्हणून कुणी मालक होत नाही.

आजोबा त्या दिवशी थोडे खट्टू झाले. चहा घेतला नाही. पावसाकडे बघत म्हणाले, "म्हणजे धाकट्याला मी काही देऊच शकत नाही."

देऊ शकता. पण एकट्याने नाही. २० लाख तुम्ही मोकळेपणाने देऊ शकता, आणि आजींच्या ४० पैकी २० लाख त्या. मग राखीव भागातला धाकट्याचा तिसरा हिस्सा दोघांकडून येईल तो वेगळा, साधारण १३ लाख. ८० पैकी ५३ लाखांच्या आसपास धाकट्याकडे जातं, थोरल्याला आणि मुलीला प्रत्येकी १३. कायदा कुठेच मोडत नाही. फक्त मृत्युपत्रं दोन हवीत, आजोबांचं वेगळं, आजींचं वेगळं. आणि आजींनी काय लिहायचं ते आजी ठरवणार.

हे ऐकल्यावर खोलीतल्या सगळ्यांनी आजींकडे पाहिलं. पंचावन्न वर्षांच्या संसारात बहुधा पहिल्यांदाच, असं मला वाटलं, पण ते माझं वाटणं. आजी काही बोलल्या नाहीत. "चवथ जाऊं दी," एवढंच म्हणाल्या. चतुर्थीच्या आधी गोव्यात कुणी काही ठरवत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको.

चतुर्थीनंतर तीन आठवड्यांनी दोघं आली. आजोबांचं ठरलं होतं, २० लाखांचा मोकळा भाग धाकट्याला. आजींना मी विचारलं, तुमचा? त्यांनी निम्मा धाकट्याला आणि निम्मा मुलीला सांगितला. आजोबांनी तोंड उघडलं, आणि मिटलं.

कागदपत्रं काढायला आजींनी पिशवी उघडली, तर आत तीच चार छापील पानं. मी म्हटलं, ही अजून कशाला ठेवलीत? आजींनी एक पान उलटं करून दाखवलं. मागची बाजू कोरी होती ना, त्यावर पेन्सिलने गणपतीवर टांगायच्या माटोळीची यादी होती: नारळ, सुपारीचा कात्रा, कांगलां, आंबाडे, दोडकी. एकेका नावापुढे आणल्याची खूण.