सिस्टर, हळू टोचा हं!

नमस्कार. एकतीस वर्षं मुंबईतल्या पोरांना मी रडवलं आणि तुमच्या मंडळानं मला विषय दिला, ‘लस टोचताना बाळाला शांत कसं ठेवाल?’ म्हणजे चोरालाच कुलपावर बोलायला उभं केलंत.

या एकतीस वर्षांत सगळ्यात जास्त ऐकलेलं वाक्य कुठलं? ‘सिस्टर, हळू टोचा हं!’ अहो, हळू टोचलं की जास्त दुखतं. सुई झटकन आत, झटकन बाहेर. माझं काम दोन-चार सेकंदांचं. बाकी सगळं, बाळ ज्याच्या मांडीवर आहे त्याच्याकडे.

हिंदुस्थानातली देवीची पहिली लस आपल्या मुंबईतच टोचली गेली, १४ जून १८०२ला, अ‍ॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. तारीख पाठ आहे माझी. पण ती कोणाच्या मांडीवर बसली होती? हे विचारलं की आमचे डॉक्टर हसायचे.

आता माझी तक्रार. ‘जेव, नाहीतर सिस्टर सुई मारेल!’ कोणी कोणी म्हटलंय, हात वर करा. बघा, पुढच्या रांगेतल्या आजी हात वर करायचं सोडून पदर सारखा करतायत! वर्षभर माझ्या नावानं भात भरवायचा आणि केंद्रावर आल्यावर म्हणायचं, ‘सिस्टर चांगल्या आहेत हं.’ मी मंडईत मेथी निवडत होते, अंगावर साधी साडी, हातात पिशवी. तरी एक चिमुरडी मला बघून अशी किंचाळली की मेथीवाल्यानं जुडी दोन रुपयांनी उतरवली.

आता एका बस कंडक्टरची गोष्ट. पंचवीसेक वर्षं झाली. ड्यूटी संपवून बाप खाकी कपड्यांतच आला, कडेवर दीड वर्षाचा मुलगा, ट्रिपलच्या, म्हणजे घटसर्प-डांग्या खोकला-धनुर्वाताच्या लसीच्या, बूस्टरला. पोरगा दारातच ओठ काढून तयार. मी म्हटलं, टेबलावर झोपवू नका, मांडीवर घ्या. त्यानं मुलाला छातीशी धरलं, एक हात पाठीवर, आणि दुसऱ्या हातानं तिकिटाचा पंच काढला. टिक-टिक, टिक-टिक. ‘चला, पुढे चला! लालबाग, परळ!’ पोरगा पंचाकडे बघतोय आणि मी मांडीत टोचून मोकळी. मग रडला. पण किती? बापानं पंच हातात देईपर्यंत. परत द्यायला मात्र तयार होईना. पंच गेला तर भरून द्यावा लागेल म्हणून शेवटी बापच रडकुंडीला आला. हल्ली तिकिटाची मशिनं आली. मशीन दाखवून कोण हसणार!

चिठ्ठी आली. पाच मिनिटं? मुख्य विषय तर आत्ता कुठे सुरू होतोय. असो, भरभर सांगते.

तान्ह्या बाळाला टोचण्याच्या थोडं आधीपासून अंगावर पाजायला घ्या आणि टोचतानाही पाजत राहा. ठसका लागेल म्हणून घाबरू नका. जागतिक आरोग्य संघटनेनंही २०१५ साली हेच सांगितलंय. मध चाटवू नका, आजी, वर्षाच्या आत अजिबात नाही. दीड, अडीच, साडेतीन महिन्यांना जुलाबाविरुद्धच्या रोटा लसीचे थेंब असतात. ते गोड असतात, म्हणून थेंब आधी, सुई नंतर. दोन-तीन सुया असतील तर जास्त झोंबणारी शेवटी द्या असं सिस्टरला म्हणा, राग येणार नाही. टोचलेली जागा चोळायची नाही. ताप येईल म्हणून आधीच औषध पाजायचं नाही. आला तर द्यायचं, वजनाप्रमाणे, डॉक्टरांना विचारून.

पाच वर्षांच्या मुलाला ‘दुखणारच नाही’ म्हणू नका. पुढच्या वेळी तुमच्यावर विश्वास ठेवायचा नाही तो. ‘चिमटा बसल्यासारखं होईल, तू पिपाणी फुंक’ म्हणा. ‘मुलगा असून रडतोस?’ हे तर नकोच. रडू दे की. बापही रडताना पाहिलेत मी, मुलाला टोचल्यावर.

आणि टोचून झाल्यावर अर्धा तास केंद्रातच बसायचं, लोकल चुकली तरी. तुम्ही मात्र उठा, चहा निवतोय.