आधी बसा

[दृश्य: पंचगंगा घाट, भर पावसाळा. घाटाच्या पायऱ्या पाण्याखाली.]

पावसाळ्यात गुऱ्हाळं बंद असतात. उसाचा रस आटवायची ती मोठी, उथळ काहील रिकामी पडलेली असते. पण कोल्हापूर-सांगलीच्या नदीकाठी पूर चढला की हीच काहील पाण्यात उतरते. तिला ना नाळ म्हणजे पुढचं टोक, ना सुकाणू. गोल असल्यामुळं ती जागच्या जागी फिरते, आणि एकानं जरी काठावर भार दिला तरी पाणी आत घेते. म्हणून तिच्यात बसायची रीत ठरलेली आहे. मधोमध बसायचं, गुडघे पोटाशी घ्यायचे आणि पलीकडं लागेपर्यंत हलायचं नाही.

भूमध्य समुद्रात माणसं वाचवणाऱ्या जहाजांवर जे पहिल्यांदा शिकवलं जातं, तेही जवळपास हेच आहे.

[दृश्य: 2019 च्या महापुराची हवाई छायाचित्रं. शिरोलीजवळ पाण्याखाली गेलेला महामार्ग.]

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आहे आणि धोका पातळी 43. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 55 फूट 7 इंचांवर गेलं. पुणे-बेंगळुरू महामार्ग बंद पडला. प्रयाग चिखली आणि आंबेवाडीत माणसं माड्यांवर, गच्च्यांवर अडकली. यातल्या अनेकांनी 2005 चा पूर पाहिला होता. तेव्हा पाणी जिथवर आलं होतं, तिथवरच येईल, या भरवशावर ती थांबली होती. शिवाय गोठ्यात जनावरं. दावणीला म्हैस असताना घर सोडून बोटीत बसा म्हणणं सोपं असतं, बसणं नसतं.

एनडीआरएफ आली, लष्कर आलं, नौदल आलं. कोल्हापूरची व्हाईट आर्मी ही स्वयंसेवकांची संघटना आणि नदीकाठची पोहणारी पोरं तर होतीच. आणि या सगळ्यांना एकच शब्द पुन्हा पुन्हा ओरडावा लागत होता. बसा. काकू, आधी बसा. अण्णा, पिशवी मागनं येईल, तुम्ही बसा.

त्याच महापुरात, 8 ऑगस्टला, शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळमध्ये माणसं बाहेर काढणारी बोट उलटली. कृष्णेच्या काठचं, पलूस तालुक्यातलं हे गाव. 17 जणांचा जीव गेला. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसली होती. कुणी म्हणेल, का बसली? पण पाणी घरात शिरतंय आणि पुढची बोट येईल की नाही याची खात्री नाही, अशा वेळी काठावर मागं थांबायला कोण तयार होणार? आईनं कुणाला आधी चढवायचं?

बोट बुडते कशी, हे नीट समजून घ्यायला हवं, कारण आपला समज सहसा उलटा असतो. आपल्याला वाटतं, वजन जास्त झालं, बोट खाली गेली. वजनानं बोट खाली दबते हे खरंच, काठ पाण्याला टेकायला येतो. पण बहुतेक वेळा घात होतो तो कलण्यानं. माणसं बसलेली असतात तेव्हा सगळा भार तळाशी असतो आणि कललेली बोट पुन्हा सरळ होऊ बघते. तीच माणसं उभी राहिली की भार वर सरकतो आणि सरळ व्हायची ताकद कमी होते. त्यातली निम्मी एका बाजूला धावली, तर ती उरतच नाही. आत पाणी साचलेलं असेल तर आणखी वाईट. परातीत पाणी घेऊन चालून बघा. परात जिकडं जरा झुकते तिकडंच सगळं पाणी धावतं आणि ती आणखी झुकते.

आता विचार करा, माणसं उभी कधी राहतात? तासन् तास, कधी दोन-दोन दिवस ती अंग चोरून बसलेली असतात. उठायला जागाच नसते. ती उठतात मदत दिसल्यावर.

[दृश्य: लांपेदूसा बेटाचा नकाशा. ट्युनिशिया आणि लिबियाचा किनारा.]

इटलीचं लांपेदूसा हे बेट युरोपपेक्षा आफ्रिकेला जवळ आहे. 3 ऑक्टोबर 2013 च्या पहाटे, आफ्रिकेतून युरोपात आसरा शोधायला निघालेल्या माणसांनी भरलेल्या, या बेटाच्या किनाऱ्यापासून एक किलोमीटरही लांब नसलेल्या एका बोटीवर कुणीतरी घोंगडी पेटवली. हेतू एवढाच, की किनाऱ्यावरच्यांना आपण दिसावं. आग भडकली, माणसं दुसऱ्या बाजूला पळाली, बोट उलटली. 368 माणसं मेली. बहुतेक पूर्व आफ्रिकेतल्या इरिट्रियातून आलेली.

इटली हादरली. त्याच महिन्यात त्यांच्या नौदलानं मारे नोस्त्रुम नावाची मोहीम काढली आणि वर्षभरात दीड लाखाच्या आसपास माणसं समुद्रातून उचलली. मग खर्चाचा वाद झाला. वाचवायला गेलं की आणखी येतात, असाही युक्तिवाद झाला. ऑक्टोबर 2014 मध्ये मोहीम बंद केली. माणसं यायची थांबली नाहीत. युद्ध आणि अशा माणसांना डांबून ठेवणारे लिबियातले तुरुंग मागं असताना, पुढं जहाज उभं आहे की नाही हे पाहून कोणी निघत नाही. पुराच्या पाण्यातला माणूस तरी एनडीआरएफचं वेळापत्रक बघून गच्चीवर चढतो का?

नौदलाची जहाजं मागं गेल्यावर ती जबाबदारी मालवाहू जहाजांवर येऊन पडली. 18 एप्रिल 2015 च्या रात्री पोर्तुगालचा झेंडा लावलेलं किंग जेकब हे व्यापारी जहाज, इटलीच्या तटरक्षक दलाच्या सांगण्यावरून, अडचणीतल्या एका मासेमारी बोटीकडं निघालं. बोट पंचवीसेक मीटरची. आत, वर, तळघरात मिळून शेकडो माणसं कोंबलेली. ती बोट चालवणाऱ्याच्या हातून थेट त्या जहाजाच्या अंगावर गेली, माणसं एका बाजूला लोटली, आणि बोट पालथी झाली. सातशेहून जास्त माणसं गेली. वाचली 28.

मदत दारात आलेली असताना हे घडलं. म्हणून मालवाहू जहाजाच्या कप्तानाला दोष देण्याआधी त्याची अवस्थाही पाहावी. त्याच्या जहाजाची भिंत इमारतीएवढी उंच, खलाशी वीस-बावीस, आणि शिकवण कंटेनर वाहण्याची. खालून शेकडो माणसं हात वर करतायत आणि त्याच्याकडं दोरीची शिडी आहे.

पुढच्या वर्षी इटलीनं ती बोट समुद्रतळातून, सुमारे 370 मीटर खोलीवरून, वर काढली. मिलानच्या न्यायवैद्यक तज्ज्ञ क्रिस्तिना कात्तानेओ आणि त्यांचे सहकारी आतल्या देहांची ओळख पटवायला बसले. एका पोराच्या जाकिटात आतल्या बाजूनं काहीतरी शिवलेलं सापडलं. उसवून पाहिलं तर शाळेचं प्रगतिपुस्तक. पोरगा पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशाचा. तिकडं गेल्यावर दाखवायला चांगले गुण घेऊन निघालेला.

[दृश्य: बचाव जहाजावरून पाण्यात उतरणारी रबरी वेगवान बोट.]

2015 च्या आसपास काही नागरी संस्था स्वतःची जहाजं घेऊन भूमध्य समुद्रात उतरल्या. सी-वॉच, एसओएस मेडिटेरानी, डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स. त्यांचं काम बघण्यासारखं आहे, कारण त्यात घाई कुठंच दिसत नाही.

मोठं जहाज लांबच थांबतं. जवळ आलं तर त्याच्या लाटेनंच बोट हलेल, आणि ते दिसल्यावर सगळे त्या बाजूला झुकतील. पुढं जाते ती लहान, वेगवान रबरी बोट. तीसुद्धा थेट भिडत नाही. अंतर ठेवून फेरी मारते. तिच्यावर एक माणूस असा असतो ज्याला अरबी, फ्रेंच, इंग्रजी येतं. त्याचं हत्यार म्हणजे आवाज. आम्ही लिबियाचे नाही. आम्ही मदतीला आलोय. सगळ्यांना नेणार आहोत, एकालाही सोडणार नाही. बसा. उभं राहू नका.

हे 'लिबियाचे नाही' आधी सांगावं लागतं. परत त्याच तुरुंगात नेतील या भीतीनं माणसं पाण्यात उड्या टाकतात.

मग लाइफ जॅकेट. माणसं उचलायच्या आधी जॅकेट वाटायची, आणि तीही हातोहात मागं पोचवायची. ज्याच्या अंगात जॅकेट आलं तो जरा सैल होतो, धक्काबुक्की कमी होते, आणि उद्या बोट फाटलीच तरी तो तरंगत राहतो. बोटीला भिडायचं ते सहसा टोकाकडून, बाजूनं नाही. मग थोडी थोडी माणसं घ्यायची, मोठ्या जहाजावर सोडून यायचं, पुन्हा जायचं. शंभर-सव्वाशे माणसांची बोट रिकामी करायला तास जातात. पहिल्या फेरीत ज्याचा नंबर लागला नाही, त्याला शांत बसवून ठेवणं हेच खरं अवघड काम. चिखली-आंबेवाडीत ज्यांनी बोटी चालवल्या त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही.

एक गोष्ट मात्र आपल्या पुरात दिसत नाही. या रबरी बोटींत पेट्रोलचे कॅन ठेवलेले असतात आणि ते सांडतात. बायका-पोरांना सुरक्षित म्हणून मधोमध बसवलेलं असतं, आणि बोटीचा सगळ्यात खोलगट भागही तोच. तिथं पेट्रोल आणि खारं पाणी एकत्र साचतं. त्यात तासन् तास बसल्यानं कातडी भाजून निघते. बाहेर काढल्यावर डॉक्टर पहिल्यांदा ओले कपडे उतरवून अंघोळ घालतात ते यासाठी. काही जण त्या वाफेनं आधीच बेशुद्ध झालेले असतात.

तरीही संख्या थांबत नाही. 2014 पासून भूमध्य समुद्रात मेलेल्या आणि हरवलेल्या माणसांची नोंद 30 हजारांच्या पुढं गेली आहे. 14 जून 2023 ला ग्रीसच्या पायलोसजवळ एड्रियाना नावाची मासेमारी बोट बुडाली. तिच्यावर साडेसातशेच्या आसपास माणसं होती, त्यात पाकिस्तानातली शेकडो. वाचली 104.

[दृश्य: समुद्रात थांबलेलं मालवाहू जहाज. डेकवर कंटेनर.]

बरं, माणसं वर घेतली. आता न्यायची कुठं?

समुद्रात संकटात सापडलेल्याला वाचवणं ही कप्तानाची कायदेशीर जबाबदारी आहे. समुद्रावरच्या जीवसुरक्षेच्या 1974 च्या सोलास करारात ते लिहिलेलं आहे, आणि 1979 च्या हॅम्बुर्ग करारानं किनाऱ्यावरच्या देशांनी शोध आणि बचावाची हद्द वाटून घेतली. कोण आहे, कुठला आहे, कागद आहेत का, हे विचारायचं नाही. पण त्यांना उतरवून कुणी घ्यायचं, यावर करार बराच काळ गुळमुळीत होते.

ऑगस्ट 2001 मध्ये टॅम्पा या नॉर्वेच्या जहाजानं, ऑस्ट्रेलियाच्या विनंतीवरून, एका लाकडी बोटीतून चारशेहून जास्त माणसं उचलली. बहुतेक अफगाणिस्तानातली. कप्तान होते आर्ने रिन्नान. एवढी माणसं अंगावर घेऊन जहाज ऑस्ट्रेलियाच्या हद्दीत गेलं, तर देशानं आपले सशस्त्र सैनिक डेकवर चढवले, पण माणसांना किनाऱ्यावर पाय ठेवू दिला नाही. शेवटी त्यांना नाउरू बेटावर आणि न्यूझीलंडला पाठवलं. यानंतर 2004 मध्ये करारांत दुरुस्ती झाली: वाचवलेल्यांना सुरक्षित ठिकाणी उतरवेपर्यंत बचाव पुरा होत नाही.

कागदावर. फेब्रुवारी 2021 मध्ये अंदमानच्या समुद्रात इंजिन बंद पडलेली रोहिंग्यांची एक बोट आपल्या तटरक्षक दलाला सापडली. आठ जण आधीच मेलेले, 81 जिवंत. आपण अन्न, पाणी, औषधं दिली. पण त्यांना कुणी घ्यायचं, यावर भारत आणि बांगलादेशाचं जमलं नाही. ती 81 माणसं जूनमध्ये इंडोनेशियात, आचेजवळच्या एका बेटावर उतरली. फेब्रुवारी ते जून. निर्वासितांचं धोरण काय असावं यावर वाद घालावा, जरूर घालावा. पण तो माणसं तरंगत असताना कशाला?

[दृश्य: वळिवडे. जुन्या छावणीच्या खुणा. महावीर उद्यानातलं पोलिश स्मारक.]

कोल्हापूरला या प्रश्नाचा अनुभव आहे, आणि तो समुद्रापासून लांब असूनही. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत छावण्यांतून सुटलेले पोलिश लोक 1942 मध्ये क्रास्नोव्होद्स्क बंदरातून खच्चून भरलेल्या जहाजांनी कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी बंदरात उतरले. टायफस, हगवण, उपासमार. तिथून पुढं जगभर पांगले. त्यातले सुमारे पाच हजार 1943 पासून कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला छावणीत राहिले. बहुतेक बायका आणि मुलं. बराकी, शाळा, चर्च, दवाखाना असं गावच वसलं. कोल्हापूर संस्थानानं जागा दिली, आणि 1948 पर्यंत ती मुलं इथं वाढली. वॉर्सात या छावणीचं स्मारक आहे, 2024 मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तिथं फुलं वाहिली.

आपण फार थोर होतो, असं दाखवायला हे सांगत नाही. युद्धाचा काळ होता, ब्रिटिशांचं राज्य होतं, खर्चाची सोय बाहेरून होती. पण सरकारांनी ठरवलं की पाच हजार माणसांना उतरायला जागा निघते, एवढं यातून दिसतं.

पोलिश गेले तेव्हा बराकी रिकाम्या राहिल्या नाहीत. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं तिथं आली. सिंधमधून निघालेल्यांपैकी अनेक जण कराचीहून जहाजानं मुंबईला उतरले होते. त्या बराकींच्या जागी आज गांधीनगर आहे, कापडाची घाऊक बाजारपेठ. लगीनसराईत बस्ता बांधायला अर्धा जिल्हा तिथंच जातो, आणि दुपारनंतर गाडी लावायला जागा मिळत नाही.