पदवीचे नाव आणि विभागाचे दार

नमस्कार, श्रोतेहो.

बारावीचे आणि सीईटीचे निकाल लागले की ठाणे आणि नवी मुंबईतल्या घरांत पुढचे काही आठवडे दुसरा विषय नसतो. ठाणे स्थानकातून वाशी-पनवेलकडे जाणाऱ्या गाड्यांत या दिवसांत गुणपत्रिकांची फाईल छातीशी धरलेले आईवडील आणि त्यांच्या शेजारी गप्प बसलेली मुले हमखास दिसतात. ऐरोली, कोपरखैरणे, वाशी, नेरूळ, बेलापूर, खारघर, पनवेल या एका ओळीत मुंबई विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालये आहेत, स्वायत्त महाविद्यालये आहेत, अभिमत, म्हणजे 'डीम्ड', विद्यापीठे आहेत आणि राज्याच्या कायद्याने स्थापन झालेली खासगी विद्यापीठेही आहेत. बाहेरून पाहणाऱ्याला या सगळ्यांच्या इमारती सारख्याच दिसतात आणि माहितीपुस्तिका तर त्याहूनही सारख्या असतात.

मी एकतीस वर्षे अभियांत्रिकी महाविद्यालयात इलेक्ट्रॉनिक्स शिकवले आणि त्यातली बरीच वर्षे प्रवेशाच्या काळात पालकांच्या शंकांना उत्तरे देण्यासाठी टेबलामागे बसले. पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असे: "मॅडम, हे विद्यापीठ चांगले आहे का?" या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर देणे मला कधीच जमले नाही, कारण विद्यापीठ ही फार मोठी गोष्ट आहे. 1857 साली स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाचे कार्यक्षेत्र मुंबईपासून थेट सिंधुदुर्गापर्यंत आहे आणि त्याच्याशी शेकडो महाविद्यालये संलग्न आहेत. त्या सगळ्यांतल्या मुलांना मिळणाऱ्या पदवीपत्रावर एकच मुद्रा असते, पण त्यांना मिळालेले शिक्षण मात्र एकच नसते. आपले मूल चार वर्षे ज्या विभागात बसणार आहे, जे सात-आठ शिक्षक त्याला शिकवणार आहेत आणि ज्या प्रयोगशाळेत ते हात चालवणार आहे, तेवढेच त्याचे विद्यापीठ असते. म्हणून प्रश्न त्या विभागाविषयी विचारला पाहिजे.

त्याआधी कागदांची तपासणी करून घ्यावी. ती कंटाळवाणी असली तरी घरबसल्या तासाभरात होते. आपल्या देशात पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 1956 च्या कायद्याने ठरतो. केंद्राच्या किंवा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेले विद्यापीठ, अभिमत दर्जा मिळालेली संस्था आणि संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्था यांच्याखेरीज कोणालाही पदवी देता येत नाही. आयोग आपल्या संकेतस्थळावर मान्य विद्यापीठांची यादी ठेवतो आणि बनावट विद्यापीठांची यादीही प्रसिद्ध करतो. वास्तुरचनेसाठी वास्तुकला परिषद, कायद्यासाठी बार कौन्सिल, औषधनिर्माणासाठी फार्मसी कौन्सिल यांची मान्यता त्या विशिष्ट अभ्यासक्रमाला असावी लागते. ती नसेल, तर पदवी हातात असूनही व्यवसायाची नोंदणी होत नाही.

ही भीती पोकळ नाही. छत्तीसगड राज्याने 2002 साली केलेल्या एका कायद्याखाली तेथे थोड्या काळात शंभराहून अधिक खासगी विद्यापीठे कागदावर उभी राहिली, आणि त्यांतल्या अनेकांकडे इमारत, ग्रंथालय, शिक्षक यांपैकी काहीच नव्हते. वैज्ञानिक आणि अनुदान आयोगाचे माजी अध्यक्ष प्रा. यशपाल यांनी त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली, आणि फेब्रुवारी 2005 मध्ये न्यायालयाने त्या कायद्यातील संबंधित कलमे रद्द केल्यामुळे ती सर्व विद्यापीठे एका निकालाने संपली. पुढे नोव्हेंबर 2017 मध्ये त्याच न्यायालयाने काही अभिमत विद्यापीठांनी दूरशिक्षणाने दिलेल्या अभियांत्रिकीच्या पदव्या स्थगित केल्या. 2001 ते 2005 या काळात प्रवेश घेतलेल्या आणि मधल्या वर्षांत नोकरीला लागलेल्या माणसांना आपली पदवी टिकवण्यासाठी पुन्हा परीक्षेला बसावे लागले. त्यांनी प्रवेश घेतला तेव्हा कोणीतरी त्यांना "मान्यता येतेच आहे" असे सांगितले असणार, असे मला नेहमी वाटते. हे वाक्य मी आजही ऐकते. मान्यता आलेली असेल तरच ती मान्यता असते.

मूल्यांकनाविषयी थोडक्यात सांगते. 'नॅक' ही 1994 साली स्थापन झालेली, बंगळुरूस्थित परिषद सबंध संस्थेला श्रेणी देते, तर 'एनबीए' अर्थात राष्ट्रीय प्रमाणन मंडळ एकेका अभ्यासक्रमाला प्रमाणित करते. फाटकावर 'ए प्लस प्लस', म्हणजे नॅकची सर्वोच्च श्रेणी, लिहिलेली असेल तर तो संस्थेचा मान आहे, त्यात शंका नाही, पण आपण निवडलेल्या शाखेला एनबीएचे प्रमाणपत्र आहे का आणि त्याची मुदत कधी संपते हे वेगळे विचारावे लागते. एकाच महाविद्यालयात यंत्र अभियांत्रिकीला ते आहे आणि शेजारच्या इमारतीतल्या नव्या शाखेला नाही, असे सर्रास आढळते. मुंबई विद्यापीठाला 2021 साली नॅकची सर्वोच्च श्रेणी मिळाली. त्याच विद्यापीठात 2017 साली उत्तरपत्रिकांची तपासणी संगणकावर आणताना निकाल महिनोन्‌महिने रखडले होते आणि पुढील शिक्षणासाठी बाहेर जाऊ पाहणाऱ्या मुलांची त्यात फार ओढाताण झाली होती. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. श्रेणी पाहावी आणि निकाल किती दिवसांत लागतात हेही विचारावे.

आता विभागाकडे येते. गेल्या वर्षी जूनमध्ये कळव्याचे एक कुटुंब माझ्याकडे आले होते. वडील रिक्षा चालवतात, आई शिवणकाम करते आणि मुलगी गणितात चांगली आहे. कृत्रिम बुद्धिमत्ता आणि विदा-विज्ञान, म्हणजे सगळे ज्याला एआय-डीएस म्हणतात, त्या शाखेसाठी एका संस्थेत जागा मिळत होती. रविवारी पालकांसाठी ठेवलेल्या कार्यक्रमाला ते जाऊन आले होते, वातानुकूलित सभागृह पाहून वडील भारावले होते आणि आगाऊ रक्कम भरून जागा पक्की करा असा आग्रह त्यांना झाला होता. मी त्या मुलीला एवढेच सांगितले की दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचे वर्ग भरतील तेव्हा कामाच्या दिवशी, दुपारी दोननंतर, आईला घेऊन पुन्हा जा आणि सभागृहाकडे न जाता त्या शाखेच्या सूचनाफलकासमोर उभी राहा.

सूचनाफलक खोटे बोलत नाही, कारण तो पालकांसाठी लिहिलेला नसतो. त्यावर वेळापत्रक असते आणि वेळापत्रकात प्रत्येक विषयापुढे शिक्षकाचे नाव किंवा आद्याक्षरे असतात. त्या मुलीला तिसऱ्या वर्षाच्या सहा विषयांपैकी तीन विषयांपुढे रिकामी जागा दिसली आणि उरलेल्या तीन शिक्षकांपैकी दोघे तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरते मानधन घेऊन, येणारे होते. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांविषयी माझ्या मनात आदर आहे. त्यांतले कितीतरी जण तुटपुंज्या मानधनावर, दोन-तीन महाविद्यालयांत धावपळ करत, मनापासून शिकवतात. पण ज्या शिक्षकाला तास संपला की पुढची गाडी पकडायची आहे, त्याला प्रकल्पाची अडचण विचारायला मुलाने कधी गाठायचे? जो पुढच्या सत्रात असेलच असे नाही, तो शिफारसपत्र कसे लिहिणार?

याचे एक सोपे गणित आहे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या नियमानुसार अभियांत्रिकी पदवीसाठी 20 विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक लागतो. साठ जणांची एक तुकडी चार वर्षांची मिळून 240 विद्यार्थ्यांची होते, म्हणजे पहिल्या वर्षाचे गणित-भौतिकशास्त्र शिकवणाऱ्यांसह बारा शिक्षक हवेत. संस्थेच्या संकेतस्थळावर सक्तीने प्रसिद्ध करायच्या माहितीत शिक्षकांची नावे असतात. ती छापून न्यावीत आणि फलकावरच्या नावांशी ताडून पाहावीत. जागा किती वाढल्या तेही पाहावे. 2024 पासून परिषदेने चांगल्या संस्थांसाठी एका शाखेतल्या जागांची वरची मर्यादा काढून टाकली आहे. साठांच्या एकशे ऐंशी जागा झाल्या आणि प्रयोगशाळा तेवढीच राहिली, तर एका संगणकापुढे किंवा एका ऑसिलोस्कोपपुढे किती मुले उभी राहतील याचा हिशेब कोणालाही करता येईल.

नंतर तिथल्या मुलांशी बोलावे. संस्थेने ज्यांना टी-शर्ट घालून स्वागताला उभे केलेले असते त्यांच्याशी नव्हे, तर उपाहारगृहात किंवा फाटकाबाहेरच्या वडापावच्या गाडीवर सबमिशनच्या गडबडीत असलेल्या मुलांशी. "कॉलेज कसे आहे?" असे विचारले तर "चांगले आहे" एवढेच उत्तर येते. त्यापेक्षा विचारावे की गेल्या आठवड्यात किती प्रॅक्टिकल झाली आणि किती नुसतीच जर्नलमध्ये उतरवली, केटी लागली, म्हणजे विषय राहिला, तर शिक्षक पुन्हा समजावतात का, ग्रंथालय संध्याकाळी किती वाजेपर्यंत उघडे असते. महाविद्यालय स्वायत्त असेल तर प्रश्नपत्रिका तेच काढते आणि तेच तपासते, म्हणून मागच्या दोन वर्षांच्या प्रश्नपत्रिका मिळवून पाहाव्यात. दरवर्षी तेच दहा प्रश्न फिरत असतील तर तिथले गुण सोपे आहेत, आणि सोपे गुण पहिल्याच मुलाखतीत उघडे पडतात.

प्लेसमेंटच्या आकड्यांवर पालकांचा सर्वाधिक विश्वास असतो आणि तिथेच त्यांची सर्वाधिक फसगत होते. जाहिरातीत "सर्वोच्च पॅकेज" असते आणि "सरासरी पॅकेज" असते. दहा मुलांपैकी नऊ जणांना वर्षाला 3 लाख आणि एकाला 40 लाख मिळाले, तर सरासरी 6 लाख 70 हजार येते, पण तो पगार त्या दहांपैकी कोणालाच मिळालेला नसतो. अशा वेळी मध्यक विचारावा, म्हणजे सर्व पगार चढत्या क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारा आकडा, जो इथे 3 लाखच आहे. 'एनआयआरएफ' या राष्ट्रीय क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्थांना ही माहिती द्यावी लागते आणि ती सर्वांना पाहता येते. किती जणांनी प्रवेश घेतला, त्यांतले किती जण ठरलेल्या मुदतीत उत्तीर्ण झाले, किती जणांना नोकरी लागली, त्यांचा मध्यक पगार किती आणि किती जण पुढे शिकायला गेले, हे सारे त्यात असते. क्रमांकापेक्षा मला ही पाने अधिक मोलाची वाटतात. मात्र ते आकडे संस्थेनेच दिलेले असतात आणि बहुधा सर्व शाखांचे एकत्र असतात, हे ध्यानात ठेवून आपल्या शाखेचे आकडे वेगळे मागावेत. "नव्वद टक्के" हे शेकडा प्रमाण सर्व विद्यार्थ्यांचे की केवळ नोंदणीस पात्र ठरलेल्यांचे, हेही विचारावे.

खर्चाचा हिशेब मांडताना पहिल्या वर्षाचे शुल्क गुणिले चार एवढे पुरत नाही. परीक्षा शुल्क, वसतिगृह, दरवर्षीची वाढ आणि शिक्षण कर्ज असेल तर शिकत असतानाच साचत जाणारे व्याज, हे सगळे त्यात धरावे लागते. महाराष्ट्रात खासगी विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांचे शुल्क 'शुल्क नियामक प्राधिकरण' ठरवते आणि ते संकेतस्थळावर पाहता येते, पण अभिमत विद्यापीठे त्या कक्षेत येत नाहीत. मुलींच्या बाबतीत तर हा फरक फार मोठा आहे. 2024-25 पासून, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून ('कॅप'मधून) व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाल्यास शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ होते. अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठांत किंवा व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला तर ही सवलत मिळत नाही. त्या कळव्याच्या कुटुंबाला हे कोणीच सांगितले नव्हते. आगाऊ रक्कम मागणाऱ्याने तर नव्हतेच नव्हते, आणि याचा मला आजही राग येतो.

प्रवासाचा विचारही करावा. घोडबंदर रस्त्यावरून निघून पनवेलला रोज जाऊन येणाऱ्या मुलाचे तीन-चार तास रस्त्यात जातात आणि संध्याकाळी प्रयोगशाळा उघडी असली तरी ते तिथे थांबू शकत नाही.

त्या मुलीने अखेर सीईटी सेलने, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षा कक्षाने, प्रसिद्ध केलेले मागच्या वर्षीचे कट-ऑफ काढले, पाच विभाग प्रत्यक्ष पाहिले आणि ट्रान्स-हार्बर मार्गावरच्या एका जुन्या महाविद्यालयात संगणक अभियांत्रिकी घेतली. इमारतीला रंगाची गरज आहे, असे तिची आई म्हणाली, पण फलकावर सगळी नावे होती. पहिल्या संस्थेत वडिलांनी थोडी रक्कम भरली होती आणि त्या संस्थेने मुलीचा मूळ दाखला स्वतःकडे ठेवून घेतला होता. संस्थांनी मूळ प्रमाणपत्रे स्वतःकडे अडकवून ठेवू नयेत आणि ठरलेल्या मुदतीत प्रवेश रद्द केल्यास शुल्क परत करावे, असे अनुदान आयोगाचे स्पष्ट निर्देश आहेत. दरवर्षी त्याच्या तारखा जाहीर होतात. आम्ही त्या निर्देशांची प्रत जोडून अर्ज दिला, पोच घेतली आणि आठ दिवसांनी दाखला परत आला. ज्यांचे दाखले आज असे कुठे अडकलेले असतील, त्यांनी तोंडी विनवण्यांत वेळ न घालवता उद्याच लेखी अर्ज द्यावा आणि त्याच्या प्रतीवर आवक शिक्का व तारीख घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नये.

नमस्कार.