झोपेतला खर्च

बॅटरीवर चालणाऱ्या तापमान-सेन्सरबद्दल बोलायला उभं राहिलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सगळ्यात कमी करंट घेणारं वायरलेस मॉड्यूल कुठलं?" मी उलटा प्रश्न टाकतो, कधी घेणारं? पाठवताना, ऐकताना, की झोपलेलं असताना?

माझ्या पहिल्या सेन्सरची गोष्ट सांगतो. ईएसपी८२६६ ही वायफायची चिप, तीन एए अल्कलाइन सेल. चिपची डीप स्लीप, म्हणजे गाढ झोपेतला करंट, २० मायक्रोअँपिअरच्या आसपास, हे मी डेटाशीटमध्ये वाचलं आणि निर्धास्त झालो. सतराव्या दिवशी सेल गार. बोर्डावरचा रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) काहीही न करता ५ मिलिअँपिअर पीत होता आणि वर तो लाल एलईडी, आणखी एक मिलिअँपिअर. एकूण ६. आता सेलमधला साठा २५०० एमएएच (मिलिअँपिअर-तास) भागिले ६ करा, चारशे सोळा तास येतात. चिप बिचारी झोपलीच होती, घरातले दिवे मात्र चालू! एलईडी उपटला, रेग्युलेटर काही मायक्रोअँपिअरवर भागवणारा लावला. म्हणून सांगतो, चिपचे आकडे वाचून मॉड्यूल निवडू नका. चिप आणि तयार बोर्ड या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

आता जागेपणीचा हिशेब. करंट गुणिले वेळ, एवढंच. मिलिअँपिअर गुणिले सेकंद म्हणजे मिलिकुलोम. वायफाय मॉड्यूल उठतं, राउटर शोधतं, पत्ता मागतं, मग कुठे दोन आकडे पाठवतं. सरासरी ८० मिलिअँपिअर आणि तीन सेकंद धरले तर २४० मिलिकुलोम. दर दहा मिनिटांनी हे केलं की सरासरी पडते ०.४ मिलिअँपिअर. एए सेलवर कागदोपत्री आठेक महिने. तेही राउटर चालू असेल तर. राउटर बंद पडला आणि तुमचा प्रोग्राम 'जोडणी होईपर्यंत थांब' असा लिहिलेला असला, की सव्वा-दीड दिवसात सगळं संपलं. दहा सेकंदांत जमलं नाही तर पुन्हा झोप, ही ओळ आधी लिहा.

आता एनआरएफ२४एल०१+ हा साधा छोटा रेडिओ घ्या. याला जोडणी वगैरे काही नाही, उठला, बोलला, झोपला. १२ मिलिअँपिअर, पाच मिलिसेकंद, म्हणजे ०.०६ मिलिकुलोम. वायफायच्या चार हजाराव्या भागाइतकं. पण एक गंमत बघा. या चिपला ० डीबीएमवर, म्हणजे तिच्या पूर्ण ताकदीने, पाठवायला ११.३ मिलिअँपिअर लागतात आणि सेकंदाला २ मेगाबिटच्या वेगाने ऐकायला १३.५. बोलण्यापेक्षा ऐकणं महाग! त्यामुळे सेन्सरने कान उघडे ठेवून बसायचं नाही. ते काम भिंतीवरच्या प्लगला जोडलेल्या रिसीव्हरचं.

आणि आता ज्याच्यावर कुणाचा संशय जात नाही तो, खुद्द सेन्सर. डीएस१८बी२० हा तापमान-सेन्सर बारा बिटवर, म्हणजे त्याच्या सगळ्यात बारीक पायऱ्यांवर, मोजायला ७५० मिलिसेकंदांपर्यंत घेतो आणि तेवढा वेळ साधारण १ मिलिअँपिअर. झाले ०.७५ मिलिकुलोम, रेडिओच्या बारा पट! आपण महिनाभर रेडिओची तुलना करत बसतो आणि खर्च करतोय थर्मामीटर. त्याची अचूकता मुळात अर्धा अंश इकडेतिकडे, मग ०.०६२५ अंशाच्या पायऱ्या कशाला हव्यात? दहा बिटवर आणा, वेळ एक चतुर्थांश होतो. त्या वेळात मायक्रोकंट्रोलरलाही झोपवा. तो जागा राहून नुसती वाट बघत बसला तर त्याचा खर्च याच्याहून जास्त.

लांब पाठवायचं असेल, शेताच्या पलीकडे, चार भिंतींच्या आड, तर लोरा, म्हणजे लांब पल्ल्याचा, हळू बोलणारा रेडिओ. तिथे स्प्रेडिंग फॅक्टर (एसएफ) बघा, तो जितका मोठा तितका पल्ला जास्त आणि निरोप हळू. १२५ किलोहर्ट्झला २३ बाइटचा निरोप एसएफ७ वर साधारण ६० मिलिसेकंदांत जातो, एसएफ१२ वर जवळजवळ दीड सेकंद. तोच निरोप, चोवीस पट बिल. पल्ला पुरत नाही म्हणून डोळे झाकून बारावर जाण्याआधी अँटेना दोन हात वर चढवून बघा. ब्लूटूथ लो एनर्जीबद्दल थोडक्यात: ऐकणारा त्याच खोलीत असेल तर उत्तम, आणि जोडणी न करता नुसती जाहिरातीची पाकिटं (कुणीही ऐकावेत असे छोटे निरोप) सोडली तरी भागतं.

सेलचं काय? सीआर२०३२ या बटन सेलमध्ये २२० एमएएच असतात. सरासरी १० मायक्रोअँपिअरला वर्षाला ८८ लागतात, म्हणजे अडीच वर्षं. छान. पण हा बटन सेल एकदम मोठा घोट देत नाही. त्याचा अंतर्गत रोध जास्त, सेल उतरत गेला की आणखी वाढतो, थंडीत तर विचारू नका. वायफायला याच्यावर बसवूच नका. छोट्या रेडिओसाठीही शेजारी १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, कमी गळतीचा. मी तो विसरलो होतो. आलेख बघितला तर दिवसभर नीट, आणि पहाटे चार ते सहा खिंडार. पाठवायला गेला की व्होल्टेज बसायचं आणि चिप रिसेट व्हायची. नेमका ज्या वेळेचा आकडा हवा होता, तीच वेळ कोरी.

मोजताना एक काळजी घ्या. मल्टिमीटर मायक्रोअँपिअरच्या रेंजवर लावला की झोप छान दिसते, पण बोर्ड जागा झाल्यावर मीटरच्या आतल्या रोधावर व्होल्टेज पडतं आणि बोर्ड पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. माझी एक अख्खी संध्याकाळ प्रोग्राममधली चूक शोधण्यात गेली. चूक मीटरच्या खटक्यात होती. मीटरच्या दोन टोकांना एक स्विच आडवा जोडा. बोर्ड जागा असेपर्यंत तो मिटलेला ठेवा, झोपला की उघडा, आणि मग आकडा वाचा.