कवडशातली पेशी

[दृश्य: यावल तालुका, धाब्याचं घर, भर दुपार]

बाहेर केळीच्या बागांवर ऊन नुसतं ओततंय. आत अंधार, आणि छताच्या झरोक्यातून उतरलेला एक कवडसा. एरवी न दिसणारी धूळ त्यात लख्ख तरंगतेय. पण कवडशाच्या रेषेतच डोळा लावला, तर नुसते डोळे दिपतात. धूळ बघायची ती बाजूनं.

1903 मध्ये झीडेनटॉप्फ आणि झिगमाँडी या शास्त्रज्ञांनी काचेतले सोन्याचे सूक्ष्म कण असेच बाजूच्या उजेडात पाहिले. तीच युक्ती जिवंत भ्रूणावर नीट चालवायला 2004 उजाडलं. जर्मनीतल्या हायडेलबर्गमध्ये यान हुइस्कन या शास्त्रज्ञानं आणि सहकाऱ्यांनी ती करून दाखवली. तिचं नाव लाइट शीट मायक्रोस्कोपी, म्हणजे उजेडाच्या पातळ पानानं बघणं.

अडचण भिंगाची नव्हतीच, उजेडाची होती. नेहमीच्या फ्लुरोसन्स मायक्रोस्कोपमध्ये (यात पेशीत चमकणारा रंग असतो, उजेड पडला की तो झळकतो) उजेड पेशीच्या आरपार जातो. बघायचा असतो एकच थर, भाजतात सगळे. रंग विटतो, पेशी आजारी पडते, कधी मरते. खानदेशात हे फार समजवावं लागत नाही: मोकाट पाणी आणि ठिबक, यातला जो फरक तोच इथं. लाइट शीट म्हणजे उजेडाचं ठिबक. जो थर बघायचा, तेवढाच उजळायचा.

[दृश्य: ओट्यावर चौकोनी काचेचं भांडं]

पाण्यात दुधाचे चार थेंब. हिरवा लेझर उभ्या काचकांडीवर टाकला, की किरणाची रेघ पसरून पातळ पान होतं. (डोळ्यात जाऊ देऊ नका, पोरांना आधीच बजावा.) आता केळीच्या सोपटाचा धागा हळूच आत सोडा. पानाला छेदतो तिथंच तो चमकतो, वरखाली काळोख. मायक्रोस्कोपचं दुसरं भिंग या पानाला काटकोनात बसतं आणि एकेक काप टिपत जातं.

2014 मध्ये एरिक बेट्झिग या अमेरिकी शास्त्रज्ञाच्या गटानं बारीक किरणांची जाळी विणून हे पान आणखी पातळ केलं, साधारण एका मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या) घरात. सेकंदाला शेकडो काप. पेशी दुभंगताना गुणसूत्रं ओढली जातात, ते चालू असतानाच दिसतं.

[दृश्य: पडद्यावर झेब्राफिशचं भ्रूण]

हा बोटाच्या पेरापेक्षा थोडा मोठा मासा मूळचा आपल्याच उपखंडातला. त्याचं पारदर्शक भ्रूण तासन्‌तास उजेडात राहूनही वाढत राहतं. उजेड वाचला खरा. इतक्या कापांच्या चित्रांनी हार्ड डिस्क मात्र भराभर भरतात.