अंबाडी, पुंडी, गोंगुरा

[दृश्य: सकाळचा बाजार. ओल्या गोणपाटावर लालसर देठांच्या भाजीच्या जुड्या. भाजीवालीचे हात.]

देगलूरच्या बाजारात ही भाजी कुठल्याही नावानं मागा, मिळते. मराठीत अंबाडी, कन्नडात पुंडी, तेलुगूत गोंगुरा. दखनी, म्हणजे दख्खनची उर्दू, बोलणारं गिऱ्हाईक अंबाडा म्हणतं. ज्या भाषेत भाव विचारला, त्याच भाषेत तो सांगितला जातो.

देगलूर, बिलोली, धर्माबाद हे नांदेड जिल्ह्याचे तालुके तेलंगणाच्या कडेला. लातूरचं उदगीर बीदरच्या शेजारी, धाराशिवचं उमरगा कर्नाटकाच्या वेशीवर. 1956 पर्यंत हा सगळा मुलूख एकाच हैदराबाद राज्यात होता. 1 नोव्हेंबर 1956 ला भाषेप्रमाणे राज्यं झाली. मराठवाड्याचे तेव्हाचे पाच जिल्हे मुंबई राज्यात आले, बीदर-गुलबर्गा (आजचं कलबुर्गी) म्हैसूर राज्याकडे, म्हणजे आजच्या कर्नाटकाकडे गेले, निजामाबाद-आदिलाबाद आंध्र प्रदेशात. सोयरीक मात्र वाटली गेली नाही. आजही या पट्ट्यात सून येते ती तेलुगू घेऊन, आजी बोलते ती कन्नड, आणि नातू शाळेत प्रमाण मराठी शिकतो.

त्या नातवाला पुण्याच्या होस्टेलवर कुणीतरी विचारतं, “तुम्ही नक्की कोण? मराठी की तेलुगू?” तो गडबडतो. जनगणनेच्या कागदावरही मातृभाषेचा रकाना एकच असतो. येणाऱ्या बाकीच्या भाषांसाठी पुढं दोनच जागा. रकान्यात मावत नाही ते गोष्टीत मावतं. पण गोष्ट निघायची तर ती विचारता यायला हवी. घरातल्या माणसांकडून ती कशी काढायची, कशी जपायची, कुठं हात आखडता घ्यायचा, ते आता बघू.

[दृश्य: स्वयंपाकघर. परातीत निवडलेली पानं. चुलीवर पाण्याला आधण.]

सुरुवात “तुमची ओळख काय?” या प्रश्नानं कधीच करू नका. हा प्रश्न आला की माणूस जात सांगतो, गाव सांगतो आणि गप्प होतो. सुरुवात वस्तूनं करा. या भागात अंबाडीइतकी सोयीची दुसरी वस्तू शोधून सापडायची नाही.

एक जुडी पानं देठापासून खुडून घ्यायची. दोन मुठी ज्वारीच्या कण्या आणि अर्धी वाटी तूरडाळ आधी वेगळी शिजवायची. इथंच नवख्यांचं चुकतं. डाळ, कण्या आणि पानं एकत्र चढवली, तर आंबटपणामुळं डाळ लवकर शिजत नाही आणि कण्या दाताखाली कचकच लागतात. लोखंडी कढई वापरली तर भाजी काळी पडते. पानं वेगळी उकडायची, पिळायची, घोटायची, शिजलेल्या डाळ-कण्यांत घालायची. वरून दहा-बारा लसूण पाकळ्यांची तेलातली फोडणी. सोबत ज्वारीची भाकरी.

आता विचारायचा तो प्रश्न विचारा: “उकडलेल्या पानांचं पाणी टाकता, का ठेवता?”

मराठवाड्यातल्या बहुतेक घरांत ते आंबट पाणी टाकतात. तेलंगणाकडून आलेली सून म्हणेल, आमच्याकडं पाण्यात उकडतच नाहीत; पानं तेलावर परततात, मिरच्यांसोबत वाटतात, आंबटपणा हवाच असतो. कलबुर्गीकडची आजी कण्यांची बाजू घेईल, कारण पुंडी पल्यातही, म्हणजे तिकडच्या अंबाडीच्या भाजीतही, ज्वारीच्या कण्या पडतात. हैदराबादी वळणाच्या घरात हीच पानं मटणात जातात. पाणी टाकायचं का ठेवायचं यावरून कुणाच्या घरी लग्नानंतर पहिल्या वर्षी काय झालं, कोण कुणाच्या हातचं जेवलं नाही, मग कधी जेवलं, हे सगळं मागोमाग बाहेर येतं. ओळख हा शब्द कुणी उच्चारत नाही, आणि बोलणं मात्र तिच्याबद्दलच चाललेलं असतं.

[दृश्य: ओसरी. सतरंजीवर गोलाकार बसलेली सहा-सात माणसं. मध्ये पानाचा डबा, जुनी फ्रेम, कशिद्याचा रुमाल.]

एकट्यापेक्षा सहा ते आठ जणांची बैठक चांगली. प्रत्येकानं घरातली एक वस्तू आणायची आणि पाच मिनिटं तिच्याबद्दल बोलायचं. मध्ये कुणी तोंड घालायचं नाही. प्रश्न फेरी संपल्यावर. घरातल्या सगळ्यात थोरल्या माणसापासून सुरुवात करायचा मोह होतो. तो आवरा. थोरल्यांनी एकदा “आमचं घराणं मूळचं अमक्या गावचं” असं सांगितलं की पुढचे सगळे तीच री ओढतात. सुनांना आणि जावयांना आधी बोलू द्या. मिश्र घराची खरी जाण त्यांनाच असते, कारण भाषा, चव, देव्हारा या सगळ्याशी त्यांनाच नव्यानं जुळवून घ्यावं लागलेलं असतं.

ज्याला ज्या भाषेत बोलायचं आहे, त्या भाषेत बोलू द्या. अर्थ सांगणारा शेजारी बसेल, पण बोलणं पूर्ण झाल्यावर सांगेल. वाक्यावाक्याला अर्थ सांगितला की बोलणारी बाई हळूहळू स्वतःच मोडकं मराठी वापरायला लागते आणि गोष्ट अर्धी होते.

याहून मोठी चूक म्हणजे दुरुस्ती. “काय करायलास?” असं आजी म्हणते. शाळेत शिकलेली नात म्हणते, “आजी, ‘करतोयस’ म्हण.” त्यानंतर आजी जपून बोलते. जपून बोलणारा माणूस आठवत नाही, पाठ केलेलं म्हणतो. लातूर, परभणी, नांदेडकडचं हे ‘करायलास, जायलाव’ म्हणजे बिघडलेलं मराठी नव्हे. ती इथली चालती बोली आहे. हेच दखनीचं. “नक्को” हा दखनी शब्द मराठीच्या ‘नको’वरून गेला. “मैंच बोल्या” यातला ‘च’ आपलाच. आणि आपण रोज भाकरीवर घेतो त्या तुपाचं नाव कन्नड ‘तुप्प’शी जोडलेलं, अक्का, अण्णा ही हाकही त्याच बाजूची. बैठकीत एखाद्या मुलाला घरातल्या मिश्र बोलण्याची लाज वाटताना दिसली, तर उपदेश करू नका. हे दोन-तीन शब्द समोर ठेवा. मुलं लगेच तिसरा, चौथा शब्द शोधायला लागतात.

नात्यांची नावं मुद्दाम विचारून घ्या. आईला घरात माय म्हणतात, अव्वा म्हणतात, अम्मा म्हणतात की अम्मी? बंजारा तांड्यावर गोरबोलीत तिला याडी म्हणतात. एका घरात दोन आज्यांना दोन भाषांतली नावं असतात, आणि ती कुणी ठरवली याची आठवण बहुधा आजीकडंच असते.

बंजारा घरांत आणखी एक पेच असतो, तो माहीत असल्याशिवाय विचारायला जाऊ नका. एकच समाज तेलंगणात अनुसूचित जमातीत, कर्नाटकात अनुसूचित जातीत आणि महाराष्ट्रात विमुक्त जातींत मोडतो. मामा-भाच्याच्या दाखल्यांवर वेगवेगळे शिक्के असतात. त्याबद्दल विचारताना अर्ज भरून घेत असल्यासारखा सूर लागला, तर समोरच्याला वाटतं दाखल्याची चौकशी चालली आहे. तीज आणि होळीच्या लेंगी गाण्यांपासून सुरुवात करा.

[दृश्य: पत्र्याची पेटी उघडते. पिवळे पडलेले कागद. उर्दू अक्षरं, कोपऱ्यात शिक्का.]

पेटीतल्या कागदांशी थोडं थांबू या. निजामाच्या राज्यात सरकारी कारभार उर्दूत चालायचा. हैदराबादचं उस्मानिया विद्यापीठ 1918 मध्ये सुरू झालं, तेच उर्दू माध्यमात. म्हणून घरात मराठी बोलणारे, वारीला जाणारे आजोबा सही उर्दूत करायचे, यात नवल नाही. नातवंडांना मात्र तो कागद बघून धक्का बसतो. काही घरांत तर “हा आपला नसेल” म्हणून असे कागद बंबात गेले आहेत. तसं करू नका.

शाळेच्या दाखल्यावर किंवा जमिनीच्या कागदावर 1350 असं काही वर्ष दिसलं, तर ते फसली साल आहे. हैदराबाद राज्याचं फसली वर्ष ऑक्टोबरच्या सुरुवातीला, आजुर महिन्यात लागायचं. नोंद ऑक्टोबर ते डिसेंबरमधली असेल तर 590 मिळवा, जानेवारीनंतरची असेल तर 591. म्हणजे 1350 फसली हे ऑक्टोबर 1940 ते ऑक्टोबर 1941. सरसकट 590 मिळवलं की आजोबांचा जन्म एक वर्षानं मागं सरकतो. घड्यांवर फाटत आलेला कागद सरळ करायला इस्त्री फिरवू नका, चिकटपट्टी लावू नका. चिकटपट्टीचा डिंक काही वर्षांनी कागद खातो. खिडकीजवळ सावलीत सपाट ठेवून वरून फोटो घ्या आणि मगच वाचायला द्या. कागद ज्या क्रमानं घडी घालून ठेवलेले होते, तो क्रमही लिहून ठेवा. कुणी काय कशासोबत जपलं, यालाही अर्थ असतो.

[दृश्य: गोदावरीचा घाट, नांदेड. संध्याकाळ. दूरवर गुरुद्वाऱ्याचा कळस.]

आपलं घर तेवढं वेगळं, अशी भावना मिश्र घरातल्या मुलांना फार छळते. त्यांना आसपासचा मुलूख दाखवा. औरंगाबादचा, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचा पाया खडकी या नावानं 1610 मध्ये घातला तो मलिक अंबरनं. तो जन्मानं हबशी, आफ्रिकेतून गुलाम म्हणून विकला जात दख्खनला आलेला. 1626 मध्ये तो वारला. त्याची कबर खुलदाबादला आहे. पैठणच्या एकनाथांनी हिंदू आणि तुर्काचा संवाद रचला. हिंगोली जिल्ह्यातल्या नरसीचं नाव ज्यांच्याशी जोडलं जातं, त्या नामदेवांची पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत. 1708 मध्ये गुरू गोविंदसिंगांनी देह ठेवला त्या नांदेडला, हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यात, आपल्या शिंप्याच्या पोराची, नामदेवांची, वाणी रोज पूजल्या जाणाऱ्या ग्रंथात आहे. हे शिकवण्याच्या सुरात सांगू नका. घाटावर घेऊन जा, तिथं सांगा.

[दृश्य: बंद दार. बाहेर चपला. आतून हलका आवाज.]

आता कठीण भाग. या मुलखात 1948 ची आठवण अजून ओली आहे. निजामाच्या बाजूनं लढणाऱ्या रझाकारांचा जाच सोसलेली घरं आहेत, आणि हैदराबाद भारतात आणणाऱ्या सप्टेंबरमधल्या पोलीस कारवाईच्या वेळी व नंतर माणसं गमावलेलीही घरं आहेत. कधी या दोन्ही आठवणी लग्नानं एकाच घरात आलेल्या असतात. हा विषय बैठकीत काढू नका. निघालाच तर बोलणाऱ्याला बोलू द्या, पण उलट प्रश्न विचारू नका आणि “तुमच्याकडं काय झालं?” असं दुसऱ्या बाजूला लगेच वळून तर मुळीच विचारू नका. त्यांना वेगळ्या दिवशी, एकट्यानं भेटा. हयात शेजाऱ्यांची नावं आली तर ती ध्वनिमुद्रणात झाकून टाका. हात थरथरू लागले, शब्द तुटू लागले, की पाणी द्या आणि तो दिवस तिथंच आटपा. पूर्ण गोष्ट मिळवण्यापेक्षा ते माणूस मोलाचं.

[दृश्य: घडी केलेल्या टॉवेलवर मोबाईल. पंख्याचं बटण बंद होतं.]

ध्वनिमुद्रणाला महागडं यंत्र लागत नाही. साधा मोबाईल फ्लाइट मोडवर टाका आणि घडी केलेल्या टॉवेलवर, बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर ठेवा. थेट पाटावर ठेवला तर वाटी सरकल्याचा आवाजही धाडकन येतो. पंखा बंद. पत्र्याच्या खोलीत आवाज घुमतो, तिथं मागं दोन गोधड्या टांगा. सुरू करताना तारीख, गाव, बोलणाऱ्याचं नाव आणि “मुद्रण करू का?” हा प्रश्न उत्तरासकट नोंदवा. पंचेचाळीस मिनिटांच्या वर एका बैठकीत जाऊ नका; म्हातारी माणसं दमली तरी सांगत नाहीत. त्याच रात्री दोन वेगळ्या ठिकाणी प्रती काढा. एकच मोबाईल, आणि तो विहिरीत पडला, असं झालं की परत विचारायला पुष्कळदा माणूसच उरलेलं नसतं.

उतरवायला वेळ लागतो. सवय नसेल तर तासाभराच्या बोलण्याला सहा-सात तास सहज जातात. जसं बोललं तसंच लिहा. ‘खबर’ म्हटलं तर खबर, ‘कामून’ म्हटलं तर कामून. त्याचं ‘बातमी’ आणि ‘का’ करू नका. कन्नड-तेलुगू शब्द देवनागरीत लिहून शेजारी अर्थ द्या. न कळलेला शब्द अंदाजानं भरू नका, जागा मोकळी सोडा आणि मिनिट लिहून ठेवा.

परवानगी दोनदा घ्यायची. पहिली बोलण्याआधी. दुसरी, आणि खरी, सगळं ऐकवून झाल्यावर. काय बोललो हे स्वतःच्या कानांनी ऐकल्यावर माणूस ठरवतो की हे घरात राहू द्यायचं, गावाला ऐकवायचं का काढून टाकायचं. काढा म्हटलं की काढायचं, कारण विचारायचं नाही.

[दृश्य: अंगण. रात्र. एका बल्बखाली सगळे बसलेले. मोबाईलमधून आजीचा आवाज.]

ऐकवण्याची बैठक जेवणानंतर ठेवा, आणि जेवणात अंबाडी असू द्या. स्वतःचा आवाज ऐकून आजी आधी पदर तोंडाला लावते. मग एखादं वाक्य येतं, पोरांना न कळणारा शब्द येतो, आणि कुणीतरी विचारतं, “म्हणजे काय गं?” तेवढ्यात मुद्रण थांबवा. उत्तर आजीलाच देऊ द्या. पोराचा तो प्रश्न तारखेसह वहीत उतरवा. पुढची बैठक त्याच शब्दापासून सुरू करायची आहे.