सराफा: एका शब्दाची उलाढाल

[दृश्य: काळ्या दगडावर ओढली जाणारी सोन्याची रेघ, अगदी जवळून]

हा कसोटीचा दगड. तळहातावर मावेल एवढा, काळाकुळीत, वापरून वापरून गुळगुळीत झालेला. बांगडीची कड त्यावर दाबून ओढली की पिवळी रेघ उमटते. तिच्या शेजारी दुसरी रेघ ओढायची, ज्या सोन्याचा कस आधीच ठाऊक आहे त्याची. मग काचेच्या कांडीने दोन्ही रेघांवर तेजाब फिरवायचं. सोन्यात भेसळ जास्त असेल तर रेघ हिरवट होते आणि बघता बघता विरते. सोनं चोख असेल तर रेघ जागची हलत नाही. ज्यांच्या हातात हा दगड आहे त्या काकांना बऱ्याचदा तेजाबाची गरजच पडत नाही. रेघेचा रंग बघून ते कस सांगतात.

दुकान इंदूरच्या सराफ्यातलं, राजवाड्यालगतच्या गल्लीतलं. पाटी हिंदीत, गिऱ्हाइकाशी बोलणं माळवीत, घरच्यांशी मराठीत. आणि काकांच्या धंद्याचं नाव अरबी.

[दृश्य: गल्लीतल्या पाट्या. सराफ, सर्राफ, सराफा]

सराफ. मूळ अरबी शब्द सर्राफ. त्या भाषेत तीन-तीन व्यंजनांच्या मुळातून शब्द फुटतात. इथली तीन व्यंजनं साद, रे आणि फे. मुळाचा अर्थ वळवणं, फिरवणं, पालटणं. एका चलनाचं दुसऱ्या चलनात पालटणं म्हणजे सर्फ, आणि हे काम करणारा तो सर्राफ. सोनं विकणं या अर्थात कुठेच नव्हतं. सराफ म्हणजे नाणी बदलून देणारा माणूस.

आपण मराठीत नोट मोडतो. 'पाचशेची मोड आहे का?' असं विचारतो. अरबी माणूस ती फिरवतो. इस्लामी धर्मशास्त्रात या फिरवण्याला स्वतंत्र नियम आहे: सोन्याचा चांदीशी सौदा झाला तर देणं-घेणं तिथल्या तिथे, हातोहात पुरं व्हायला हवं, त्यात उधारी चालत नाही. त्या सौद्याचं नावही सर्फच.

याच सर्फ शब्दाचा दुसरा अर्थ व्याकरणातला. एका मुळापासून शब्दाची रूपं कशी फिरतात हे सांगणारं शास्त्र, तेही सर्फ. मदरशातला विद्यार्थी आधी सर्फ शिकतो, मग वाक्यरचनेचं नह्व. नाणं फिरवणं आणि शब्द फिरवणं, दोन्हींना एकच नाव. हे ऐकून नवल वाटत असेल तर आपल्याकडे बघा. आपण 'धातू' कशाला म्हणतो? सोन्या-चांदीलाही आणि क्रियापदाच्या मुळालाही. शाळेत आपण धातू चालवतो आणि इथे काका धातू तपासतात.

[दृश्य: रस्त्यावरची वर्दळ, पाणीपुरीवाल्याशी घासाघीस करणारी मुलगी]

ही मुलगी म्हणते आहे, 'सिर्फ बीस रुपये हैं।' इंदूरचा मराठी माणूस दिवसातून पन्नास वेळा हा 'सिर्फ' उच्चारतो. तोही त्याच तीन अक्षरांचा. अरबीत सिर्फ म्हणजे शुद्ध, ज्यात काही मिसळलेलं नाही असं. शुद्ध म्हणजे दुसरं काही नाही, दुसरं काही नाही म्हणजे फक्त तेवढंच. फारसीतून हिंदीत येईपर्यंत शुद्ध मागे पडलं आणि 'फक्त' उरलं. मराठीतला 'निव्वळ' अगदी याच वाटेने गेला आहे. निवळलेलं पाणी ते निव्वळ पाणी, आणि तिथून निव्वळ थापा. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता केलेला हा प्रवास, आणि तो मला या सगळ्या शोधातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. उर्दूतला मसरूफ, म्हणजे कामात गढलेला, तोही याच घरातला. शराफत मात्र या घरातली नाही. तिचं मूळ वेगळं, श-र-फ, म्हणजे मान, प्रतिष्ठा. शरीफ आणि अशरफ तिकडचे.

[दृश्य: लाकडी पेटी उघडते, आत कापडात गुंडाळलेली जुनी नाणी]

आता या पेटीतली नाणी बघू. हे अहिल्याबाईंच्या काळचं, मल्हारनगर टांकसाळीचं. एका बाजूला शिवलिंग आणि बेलाचं पान. हे त्यानंतरचं, सूर्याचा चेहरा असलेलं होळकरी नाणं. १८१८ साली होळकरांचा इंग्रजांशी मंदसोरचा तह झाला आणि होळकरांची राजधानी इंदूरला आली. त्या वेळी माळव्यात एक रुपया नव्हता, अनेक रुपये होते. उज्जैनला शिंद्यांचा, भोपाळचा वेगळा, कोट्याचा वेगळा, प्रतापगडचा सालिमशाही, आणि इंग्रजांचा कलदार. वजन वेगळं, चांदीचा कस वेगळा. शिवाय एकाच टांकसाळीचं नाणंही हातोहात फिरून झिजलेलं, कुणी कड खरवडलेली, कुणी भोक पाडून शिसं भरलेलं.

उज्जैनहून माल घेऊन आलेल्या शेतकऱ्याने इंदुरात कापड कोणत्या रुपयाने घ्यायचं? तो सराफाकडे जायचा. सराफ नाणं दगडी फरशीवर टाकायचा.

[आवाज: फरशीवर पडणारं चांदीचं नाणं. दोनदा.]

पहिलं खणखणीत वाजलं. दुसरं बद्द. कान तयार असेल तर काट्यावर ठेवण्याआधीच निम्मा निकाल लागतो. मग वजन, मग कस, आणि मग बट्टा.

बट्टा म्हणजे नाणं बदलताना कापून घेतलेली रक्कम. कमअस्सल, झिजलेल्या किंवा परमुलखातल्या नाण्याला बट्टा लागायचा. खानदानाच्या नावाला बट्टा लागतो तो इथूनच. वटाव हा त्याचाच भाऊ. आज आपला चेक वटतो, पूर्वी हुंडी, म्हणजे पेढीने पैसे द्यायची लेखी चिठ्ठी, वटायची. बावनकशी सोनं, माणसाची पारख, खोटं नाणं, कसाला उतरणं, घेताना वाजवून घेणं: मराठीत माणसाबद्दल बोलायला जे शब्द आपण सर्रास वापरतो, त्यातले किती या फरशीवरून उठून आले आहेत! बोलणाऱ्याला त्याचं भान राहिलेलं नाही. राहायला हवं, म्हणून ही फिल्म.

नाणी पारखणाऱ्यांची आणखीही नावं आहेत. मराठी मुलुखात पोतदार, म्हणजे खजिन्यात येणारं नाणं तपासणारा. गावोगावी हे काम बहुधा सोनारच करायचा. गुजरातीत पारेख आणि नाणावटी. आडनावं म्हणून ही सगळी आजही नांदतात, इंदुरातही.

[दृश्य: काका नाणं उजेडाकडे धरून बघतात]

अबुल फजलने सोळाव्या शतकाच्या अखेरीस 'आईन-इ-अकबरी' लिहिली. तीत बादशाही टांकसाळीच्या माणसांमध्ये सैरफी येतो. हाही सराफाचाच सख्खा. टांकसाळीचं यश त्याच्या अनुभवावर उभं आहे, असं अबुल फजल म्हणतो. कस ठरवायची हिंदुस्थानी पद्धतही त्याने नोंदवली आहे: बनवारी. निरनिराळ्या कसाच्या सोन्याचे तुकडे आधीच तयार ठेवायचे, कसोटीवर त्यांच्या रेघा ओढायच्या आणि नव्या सोन्याची रेघ कोणाशी जुळते ते पाहायचं. सर्वांत चोख सोनं ते बाराबानी, म्हणजे बाराव्या कसाचं. इराणात हीच मोजणी दहापर्यंत चालते, हेही तो सांगतो. सुरुवातीला काकांच्या हाताखाली शेजारी शेजारी दोन रेघा दिसल्या. सव्वाचारशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलेली रीत ती हीच.

[दृश्य: नकाशा. इंदूर, मुंबई, आणि समुद्रापलीकडे कँटन]

इथून शब्द घाटाखाली उतरतो. गुजरातीत तो शराफ झाला. पोर्तुगिजांनी त्याला आपल्या वळणावर नेलं, इंग्रजांनी त्याचा श्रॉफ केला. मुंबईचे पारशी श्रॉफ, गुजराती श्रॉफ, मारवाडी सराफ आणि आपले मराठी सराफ, आडनाव एकाच शब्दाचं.

एकोणिसाव्या शतकात इंदूर हे माळव्याच्या अफूचं मोठं ठाणं होतं. अफू मुंबईला जाई, तिथून जहाजाने चीनला. इकडे सराफाच्या पेढीवर तिच्या जिवावर हुंड्या लिहिल्या जात. तिकडे चीनच्या बंदरात चांदीच्या डॉलरांनी किंमत चुकती होई. ते डॉलर खरे की खोटे हे तपासायला परदेशी पेढ्यांनी चिनी पारखी नेमलेले असत आणि त्यांना म्हणत श्रॉफ. म्हणजे एकाच व्यापाराच्या इकडच्या टोकाला सराफ आणि तिकडच्या टोकालाही सराफच. त्या अफूने चीनमध्ये लाखो घरं उद्ध्वस्त केली.

हाँगकाँगमध्ये गाडी पार्क केली तर पैसे भरायच्या खिडकीवर आजही इंग्रजीत 'श्रॉफ' लिहिलेलं दिसतं. तिथे पावती फाडणाऱ्या माणसाला इंदूरची गल्ली ठाऊक असायचं कारण नाही. पश्चिमेकडे इस्तंबूलच्या गलाता भागातले सर्राफ उस्मानी सुलतानांना कर्ज देत. तुर्कीतून तो ग्रीकमध्ये सराफिस हे आडनाव झाला, रुमानियनमध्ये झराफ. हिब्रूत सोनाराला त्सोरेफ म्हणतात, आणि १८८६ साली आलेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशाने त्याचं नातं सराफाच्याच मुळाशी जोडलं आहे. आणि खुद्द अरबी मुलखात? रियाधमध्ये किंवा दुबईत एटीएमवर नजर टाका. अरबी अक्षरांत लिहिलेलं असतं, सर्राफ आली. म्हणजे यांत्रिक सराफ.

[दृश्य: शटर खाली येतात, गल्लीत गाडे लागू लागतात]

इंदुरात मात्र त्याचं भलतंच झालं. विसावं शतक उजाडता उजाडता इंग्रजी रुपया चालू झाला, नाणी बदलायचा धंदा संपला आणि सराफ सोन्या-चांदीपुरता उरला. पण शब्द थांबला नाही. रात्री दुकानं बंद झाली की त्यांच्याच ओट्यांपुढे कढया चढतात. सोन्याच्या दुकानांपाशी रात्री जाग राहावी म्हणून पदार्थवाल्यांना इथे बसवलं, असं जुनी मंडळी सांगतात.

[दृश्य: भुट्ट्याचा कीस परतला जातोय, तुपात जिलबीचा भलामोठा वेढा, हवेत उडालेला दहीवड्याचा द्रोण]

मक्याची कणसं किसून दुधात शिजवलेला भुट्ट्याचा कीस. थंडीत तळलेला गराडू नावाचा कंद, वर जिरावण हा इंदुरी मसाला आणि लिंबू. दुधाची घट्ट शिकंजी. खोपरा पॅटिस. साबुदाण्याची खिचडी, जिच्यात इंदुरी हाताने शेव पडतेच. रात्री अकरा वाजता घरातली पोरं 'चला, सराफ्यात जाऊ' म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात सोनं नसतं. अरबीतली नाणेबदली, माळव्यातलं सोनं आणि आता गराडू. नाशिकच्या सराफ बाजारात हा तिसरा अर्थ नाही. तो इंदूरने दिला.

रात्रीच्या गर्दीवरून सोनेवाले आणि गाडेवाले यांच्यात वादही झाले आहेत.

[दृश्य: पहाट. ओल्या गल्लीत ब्रशने फटी झाडणारा माणूस, लोखंडी घमेलं]

पहाटे गाडे गेल्यावर हे लोक येतात. कारागिरांच्या दारापुढची धूळ, गटाराच्या काठचा गाळ, फरशांच्या फटींतली माती ते ब्रशने गोळा करतात. घमेल्यात पाणी घालून माती हलवतात, हलकं वरून वाहून जातं, जड तळाशी राहतं. कानसेने घासताना उडालेले सोन्याचे कण त्या तळात सापडतात. इथे त्यांना न्यारिया म्हणतात. मराठीत त्यांना झारेकरी असा देखणा शब्द आहे. काकांना तो ठाऊक होता. त्यांच्या नातवाने पहिल्यांदाच ऐकला.

नातू दुकानात बसतो. त्याच्याकडे एक्स-रेचं यंत्र आहे. दागिना आत ठेवला की मिनिटाच्या आत पडद्यावर टक्के येतात. जून २०२१ पासून हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला. १ एप्रिल २०२३ पासून सोन्याच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा हॉलमार्क क्रमांक लागतो. गिऱ्हाइकाची फसवणूक कमी झाली, हातांना काम कमी झालं.

[दृश्य: लाल कापडात बांधलेली चोपडी, पान उलटतं]

ही चोपडी काकांच्या पणजोबांची. अक्षर मोडी. एका पानावर रुपयांची नावं एकाखाली एक: हाली (म्हणजे चालू चलनाचा), उज्जैनी, सालिमशाही, कलदार. प्रत्येकापुढे बट्ट्याचा आकडा, त्या दिवशीचा. ही पानं मोडी येणाऱ्या एका बाईंनी वाचून दिली. काकांना स्वतःला मोडी येत नाही. त्यांच्या वडिलांना यायची.

इंदूर, देवास, धार, उज्जैन, जिथे जिथे मराठी घरं गेली, तिथे माळ्यावर अशा चोपड्या पडून आहेत. पेढीच्या असतील, वाड्याच्या असतील, देवस्थानाच्या असतील. वाळवी लागण्याआधी त्या खाली काढा, पानांचे फोटो घ्या, धंद्यातला अनोळखी शब्द दिसला तर घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला त्याचा अर्थ विचारून शेजारी लिहून ठेवा. काकांच्या चोपडीची अजून निम्मी पानं वाचायची आहेत. मोडी येत असेल तर सराफ्यात या. दुपारी यायचं, रात्री काका दुकानात नसतात.